भंगारवाल्यानं नाकारलेलं

सोसायटीच्या दारात भंगारवाल्याचा काटा लागला की घराघरांतून वस्तू खाली उतरतात. रद्दी, पुठ्ठे, लोखंड, ॲल्युमिनियमची पोचे आलेली पातेली, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या, मिक्सरची जळालेली मोटर, तांब्याची तार. या सगळ्याला भाव आहे, आणि सगळं कुठे तरी वितळून किंवा लगदा होऊन पुन्हा वापरात येतं. तो परत करतो त्या वस्तू वेगळ्या असतात. कान तुटलेले कप, तडा गेलेली चिनी मातीची बरणी, न्हाणीघरातून उखडलेल्या टाइल्स, फुटका माठ, कुंडीची खापरं. ‘काकू, हे नाही चालत,’ म्हणून तो पोत्याचं तोंड बांधतो. टाकाऊ वस्तूंतून बाग सजवण्याचा विचार मला या नाकारलेल्या ढिगापासून सुरू करावासा वाटतो. कारण या छंदाच्या नावाखाली आपल्याकडे जे शिकवलं जातं, त्याचा बराचसा भाग दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. बाटली कापून तिचं कमळ, टायर कापून त्याचा हंस, डब्यावर डोळे-नाक रंगवून त्याचा जोकर. पहिले चार महिने या वस्तू गॅलरीत झळकतात आणि एका पावसाळ्यानंतर त्यांचं काय करायचं हा प्रश्न घरापुढे उभा राहतो.

बागेत मांडायची कोणतीही जुनी वस्तू निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं. पहिली, ही वस्तू आपण घेतली नाही तर तिला दुसरी वाट आहे का? दुसरी, उघड्यावर ती आपल्या तीन पावसाळ्यांना आणि तीन उन्हाळ्यांना पुरेल का? या दोन चाळण्यांतून जे खाली उरतं ते फारसं आकर्षक दिसत नाही, पण जगातल्या सर्वांत सुंदर टाकाऊ बागा त्याच मालातून उभ्या राहिल्या आहेत.

आपल्या घरांत जुन्या वस्तूचा प्रवास पूर्वीपासून ठरलेला होता. नेसून विटलेलं लुगडं वाकळीत जाई, त्याहून बरं असेल ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याचं भांडं होई. पितळेला भोक पडलं तर डाग दिला जाई, आणि अगदीच निकामी झालं तर मोड म्हणून घालून नवं घेतलं जाई. फुटलेल्या मातीच्या भांड्याला मात्र बाजार नव्हता, म्हणून त्याला परसदारी जागा मिळाली. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा घालायची पद्धत अजून टिकून आहे. पाणी निथळतं आणि माती अडते, यासाठी त्याहून चांगली वस्तू विकत मिळत नाही. शेतातलं बुजगावणं तर पूर्णपणे घरातल्या टाकाऊचंच असतं. दोन काठ्यांची फुली, धन्याचा फाटका सदरा, डोकं म्हणून उपडं घातलेलं काळं मडकं आणि त्यावर चुन्याचे डोळे. दिवाळीतला मुलांचा किल्लाही याच घराण्यातला आहे. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, तळं म्हणून फुटका आरसा आणि उतारावर पेरलेली मोहरी नाही तर अळीव. आठवडाभरात किल्ला हिरवा होतो, आणि महिन्याभरात तो मोडून माती बागेत पसरली तरी मागे काही उपद्रव राहत नाही. टाकाऊतून केलेल्या शोभेच्या वस्तूकडून याहून वेगळी अपेक्षा काय करायची?

या विषयाचा आढावा घेताना चंदीगडला गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातला. फाळणीनंतर ते इकडे आले आणि चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यावर नवं शहर उठत होतं आणि त्यासाठी जुनी गावं हटवली जात होती. त्या पाडकामातून जे उरलं, ते नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेऊ लागले. सुरुवात १९५७ च्या सुमाराची. तिथे बांधकामाला परवानगी नव्हती, म्हणून काम नोकरीनंतरच्या वेळात आणि गुपचूप चाले. वर्षानुवर्षं त्यांनी मुख्यतः जमवाजमव केली. नदीतले विचित्र आकाराचे दगड, फुटक्या क्रॉकरीचे ढीग, बांगड्यांचे तुकडे, जुने सिंक, विजेच्या फिटिंगचे पोर्सिलेनचे तुकडे, डांबराची रिकामी पिंपं, सायकलींचे सांगाडे. सत्तरच्या दशकात सरकारी माणसांना हे सापडलं तेव्हा कायद्यानं ते पाडायला हवं होतं. लोकमत त्याच्या बाजूनं उभं राहिलं. १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली, नेकचंद यांना तिथेच पगारी नेमणूक आणि हाताखाली मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा रॉक गार्डन सुमारे चाळीस एकरांवर पसरलेलं होतं.

या बागेतून घरगुती हौशी माणसानं शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नेकचंद यांच्या एकेका बाहुलीत थक्क करणारं असं काही नाही. लोखंडी सळी किंवा सायकलच्या सांगाड्याचा अस्थिपंजर, त्यावर सिमेंट, आणि सिमेंट ओलं असतानाच त्यात रोवलेली बांगड्यांची किंवा बशांची कातडी. चेहरे जवळपास सारखे आणि बरेचसे भाव नसलेले. पण त्या बाहुल्या उतारावर रांगांनी उभ्या राहतात. घडे घेतलेल्या बायांची रांग, माकडांचा कळप, नाचणाऱ्यांचा घोळका. एकाच मालाच्या आणि एकाच आकाराच्या पुष्कळ वस्तू एकत्र आल्या की त्यांना वजन येतं. आपल्या गच्चीवर आपण बरोबर याच्या उलट करतो. एक रंगवलेला टायर, एक बाटलीचं कमळ, एक सीडीचा मोर, एक चहाच्या किटलीतलं रोप, सगळं शेजारी शेजारी. प्रत्येक वस्तू स्वतःकडे बघायला सांगते आणि बाग दिसत नाही. एकाच जातीच्या बारा वस्तू जमेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर गच्चीचं रूप पालटतं. बारा सारख्या चिनी मातीच्या बरण्या कठड्यालगत ओळीनं ठेवा, झाकणं हरवलेली असोत, कडांचे टवके उडालेले असोत, त्या देखण्या दिसतात.

हीच गोष्ट फार दूरवर दोन माणसांनी स्वतंत्रपणे शोधली होती. सायमन रोडिया हा इटलीहून अमेरिकेत गेलेला कामगार. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात त्यानं १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं एकट्यानं मनोरे उभारले, सर्वांत उंच मनोरा तीस मीटरच्या आसपास. सळ्या, जाळी, मसाला, आणि त्यात बसवलेल्या फुटक्या बशा, टाइल्स, शिंपले, हिरव्या-निळ्या बाटल्यांचे तुकडे. शहराच्या प्रशासनाला ते धोकादायक वाटले म्हणून १९५९ मध्ये मनोऱ्यावर दहा हजार पौंडांचा, म्हणजे साडेचार टनांचा ताण देऊन चाचणी झाली. मनोरा टिकला आणि पाडायचा बेत मागे पडला. दुसरा रेमोंद इझिदोर, फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या दफनभूमीतला झाडूवाला. १९३८ च्या सुमारास त्यानं शेतांतून आणि उकिरड्यांतून फुटक्या बशांचे रंगीत तुकडे वेचायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये मरेपर्यंत घराच्या भिंती, अंगण, बाग, खुर्च्या, एवढंच काय, बायकोचं शिवणयंत्रही त्यानं मढवलं. ते घर आज संरक्षित वास्तू आहे. तिघेही साधे पगारदार, तिघांनाही कलेचं शिक्षण नाही, आणि तिघांचाही मुख्य माल फुटकी क्रॉकरी. मला यात योगायोग कमी आणि मालाचा गुण जास्त दिसतो. भट्टीत भाजलेली, झिलई दिलेली माती उन्हानं विटत नाही, पावसानं गळत नाही, तिला गंज नाही, वाळवी नाही. तिचा रंग वरून लावलेला नसून भाजून पक्का झालेला असतो. शिवाय ती फुकट मिळते, कारण फुटल्यावर ती कुणालाच नको असते.

आपल्याकडे हे कसब शिकायला परदेशी जायला नको. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझेक घालतात. पाऊस अडवणं आणि ऊन परतवणं ही त्याची दोन कामं. गच्चीवर अनवाणी चाललेल्या प्रत्येक मुलाला त्या पांढऱ्या तुकड्यांची ओळख असते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, जन्मानं पुण्याचे, यांनी अहमदाबादच्या आपल्या ‘संगाथ’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांना हेच टाकाऊ टाइलचं आवरण दिलं. १९८० च्या सुमाराची ती इमारत आजही उन्हात पांढरी लखलखते आणि आतली खोली थंड ठेवते. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला तेव्हा जगभर छापलेल्या छायाचित्रांत हे तुकडे होते. आपला गवंडी जे गच्चीवर उपयोगासाठी घालतो, तेच बागेतल्या ओट्यावर, पक्ष्यांच्या पाणवठ्यावर, तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर शोभेसाठी घालता येतं. फक्त त्याला कुणी तरी सांगायला हवं, आणि तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करून हातात द्यायला हवेत.

करायची रीत इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बिघाड होतो तो तपशिलात. बशी फोडताना ती गोणपाटात गुंडाळावी आणि वरून हातोडी मारावी, डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडे साधारण पेरभर असावेत. त्याहून मोठे तुकडे गोलाव्यावर बसत नाहीत, कडा वर राहतात आणि हात कापतो. बशीचा काठ आणि बुडाची कडी वेगळी काढून ठेवावी, कारण काठाचा सरळ तुकडा किनारीला फार उपयोगी पडतो. खालचा पाया सिमेंटचा किंवा विटांचा हवा. लाकडी फळीवर उघड्यावर केलेला मोझेक पहिल्याच पावसात सुटतो, कारण लाकूड फुगतं आणि आकसतं, तुकडे तसे करत नाहीत. एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू, एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवावा. तुकडे आधी पाण्यात भिजवून निथळून घ्यावेत, कोरडं खापर मसाल्यातलं पाणी ओढून घेतं आणि पकड कच्ची राहते. दुसऱ्या दिवशी व्हाइट सिमेंटनं दरजा भराव्यात, ओल्या फडक्यानं लगेच पुसावं, आणि मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं. हे पाणी मारणं बहुतेक जण टाळतात आणि मग मोझेक उखडला म्हणून तुकड्यांना दोष देतात. सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड वापरतात. ते वाफ्याजवळ वापरू देऊ नये, धुतलेलं पाणी मुळांशी जातं. आणि चालायच्या पायवाटेवर झिलईचे तुकडे नकोत. पावसात त्यावर शेवाळ धरलं की घसरगुंडी होते. पायवाटेला कौलाचे, विटांचे, फरशीचे खरबरीत तुकडे घालावेत आणि चकचकीत तुकडे कडेच्या पट्टीपुरते ठेवावेत.

सिमेंटबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. म्हणून जुना टॉवेल सिमेंटच्या राबडीत बुडवून त्याची कुंडी करायची जी पद्धत हल्ली लोकप्रिय झाली आहे, तिच्याबद्दल मी साशंक आहे. त्यात टॉवेल एक आणि सिमेंट कित्येक किलो. वस्तू टाकाऊची म्हणायची तर तिच्यात नवा माल जुन्यापेक्षा जास्त झाला. घडी पडलेल्या कापडाचा तो आकार खरंच सुंदर दिसतो, म्हणून एखादी करावी, पण करून झाल्यावर ती आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि पाणी बदलत राहावं. ताज्या सिमेंटचा क्षार मोगऱ्याला किंवा अनंताला मानवत नाही.

आता प्लॅस्टिक. इथे माझं मत ठाम आहे आणि ते अनेक हौशी मित्रांना आवडत नाही. पाण्याची स्वच्छ बाटली ही भंगाराच्या साखळीतली चांगली किंमत असलेली वस्तू आहे. ती गोळा होते, तिचे तुकडे होतात आणि त्यातून मुख्यतः पॉलिएस्टरचा धागा निघतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून कचरावेचकांना संघटित केलं, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. या कचरावेचकांच्या रोजच्या कमाईत त्या बाटलीचा हिस्सा असतो. आपण तीच बाटली कापतो, तिच्यावर रंग फासतो, तार गुंडाळतो, गोंद लावतो. आता ती कुणी घेणार नाही. वर्षभर उन्हात राहिली की ती ठिसूळ होते, रंगाच्या पापड्या निघतात, तुकडे मातीत मिसळतात आणि वेचून काढता येत नाहीत. म्हणजे ज्या वस्तूला वाट होती तिची वाट आपण बंद केली. बादल्या, मग, टब यांचं प्लॅस्टिक वेगळं असतं, पण त्याची आणखी एक अडचण आहे. त्यावर रंग धरतच नाही. पॉलिश पेपरनं घासून, त्या प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर मारून मग रंग दिला तर काही काळ टिकतो, एरवी नखानं सोलून निघतो. तुटक्या बादलीत रोप लावायचं असेल तर खुशाल लावावं, तिला तिच्या रंगात राहू द्यावं, आणि ठिसूळ व्हायच्या आत भंगारात द्यावी.

टायरचा मामला याहून गंभीर आहे. टायर टिकाऊ आहे हे खरं, आणि रस्त्याकडेच्या ढाब्यांपासून शाळांच्या मैदानांपर्यंत त्याचे हंस आणि पोपट आपण पाहतो. पण टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड आणि इतर अनेक रसायनं असतात. त्यांपैकी एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओढ्यांत सामन माशांना मारतो, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. टायरमध्ये भाजी किंवा खायचं काही लावू नये, एवढं तरी पाळायला हवं. आणि टायरचं खरं संकट त्याच्या आतल्या पन्हळीत आहे.

त्या पन्हळीत पाणी साचतं, ते ओतून काढता येत नाही, तिथे सावली असते आणि पानांचा कचरा असतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला याहून चांगली जागा मिळत नाही. ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पहिल्या पावसानं भिजली की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आणि म्हणूनच भांडं नुसतं उपडं करून पुन्हा भरणं पुरेसं नाही, आतली भिंत काथ्यानं घासायला हवी. टाकाऊ वस्तूंच्या बागेबद्दल लिहिताना ही बाब शेवटच्या ओळीत उरकली जाते, मला ती पहिल्या ओळीत हवी असते. आपण सजावटीला घेतो त्या जवळपास सगळ्या वस्तू मुळात पाणी किंवा पदार्थ साठवण्यासाठीच केलेल्या असतात. किटली, डबा, कप, बरणी, बंब, घंगाळ. त्यांना बुडाला भोक पाडणं ही पहिली पायरी, रंग आणि नक्षी नंतर. चिनी मातीला भोक पाडताना काचेसाठीचं ड्रिलचं पातं वापरावं, जागा सतत ओली ठेवावी आणि जोर लावू नये. रेताड मातीच्या ढिगाऱ्यावर भांडं टेकवलं तर ते तडकत नाही. ज्या वस्तूला भोक पाडवत नाही ती उपडी किंवा आडवी मांडावी. अमेरिकेच्या दक्षिण भागात झाडाच्या फांद्यांना निळ्या बाटल्या उपड्या खोचायची जुनी पद्धत आहे. तिचा उगम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या समजुतींत असल्याचं मानतात. उपडी बाटली सुरक्षित, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात निळी काच किती सुंदर दिसते! आपल्याकडे सरबताच्या आणि औषधांच्या रंगीत बाटल्यांना फारसा भाव मिळत नाही, त्यांचं असं झाड घरी सहज करता येईल.

धातूच्या बाबतीत आपली घरं श्रीमंत आहेत. तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी हंडा-कळशी या वस्तूंना मोडीतही चांगला भाव येतो, त्यामुळे पहिल्या चाळणीत त्या अडकायला हव्यात. पण आजीचं घंगाळ वितळवायला मन होत नाही, आणि ते माळ्यावर काळं पडण्यापेक्षा अंगणात त्यात फुलं तरंगत राहिली तर बरंच. फक्त त्यात कमळ लावून मासे सोडायचा विचार असेल तर सांभाळा. पाण्यात उतरणारं तांबं माशांना विषारी असतं. कमळाची कुंडी प्लॅस्टिकच्या टबात बसवून तो टब घंगाळात ठेवला तर दोन्ही साधतं. लोखंडाचं गणित प्रदेशावर आहे. देशावर, पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात, जुनी लोखंडी कढई किंवा विहिरीचा रहाट वर्षानुवर्षं उभा राहतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर खारा वारा, तिथे पत्र्याचा डबा दोन वर्षांत चाळण होतो. गंज घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट दिला तर आयुष्य वाढतं, दर वर्षी पावसाआधी तो हात पुन्हा द्यावा लागतो. त्यापेक्षा कोकणातल्या बागेनं नारळाच्या करवंटीकडे वळावं. टांगती छोटी कुंडी म्हणून ती दोनेक वर्षं चालते आणि मग आपोआप मातीत जाते.

रंगाबद्दल एक परदेशी बाग मला नेहमी आठवते. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर डंजनेस इथे, अणुवीज केंद्राच्या समोर, चित्रपट दिग्दर्शक डेरेक जारमन यांनी १९८६ मध्ये कोळ्याची एक झोपडी घेतली आणि १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्याभोवती गोट्यांमध्ये बाग केली. समुद्रानं आणून टाकलेली लाकडं, गंजलेल्या साखळ्या, जुनी अवजारं, भोक असलेले दगड. त्यांनी त्यातलं काही रंगवलं नाही. गंज गंजाच्या रंगात राहिला, लाकूड राखाडी झालं आणि मधूनच उगवलेली खसखशीची लाल फुलं उठून दिसली. आपल्याकडे टाकाऊ म्हटलं की पिवळा, गुलाबी, आकाशी ऑइल पेंट हा जणू नियम झाला आहे. रंगांचं काम बागेत फुलांना करू द्यावं.

दगडाच्या वस्तूंची लाट सध्या शेतघरांत आणि पर्यटन केंद्रांत आहे. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, दगडी डोणी. मिक्सर आल्यावर या वस्तू दारामागे पडून राहिल्या, त्यांना बागेत मान मिळाला तर आनंदच आहे. जात्याची तळी पायवाटेत बसवली की वरच्या टाकीच्या खुणा पावसात ओल्या होऊन उमटतात, आणि त्या खुणा करणाऱ्या पाथरवटाचा हात दिसतो. पण याच लाटेत काही जण गावाबाहेर पडलेले वीरगळ, सतीशिळा, जुन्या मंदिराचे खांब गाडीत घालून आणतात आणि लॉनवर उभे करतात. ही घरातली टाकाऊ वस्तू नव्हे. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. कायदा बाजूला ठेवला तरी, वीरगळाची जागा त्यावरचा वीर ज्या शिवेवर पडला तिथे आहे. जागेवरून हलवला की त्याचा इतिहास वाचता येत नाही.

काही वस्तू सरळ बाजूला ठेवाव्यात. बंद पडलेले सीएफएल दिवे आणि ट्यूबलाइट यांचे बागेत खांब आणि फुलं करणारे लोक पाहिले आहेत. त्यांत पारा असतो. तुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापू नयेत, त्याचे तंतू फुप्फुसात जातात. वाहनांच्या बॅटरीचे खोके धुतले तरी शिशाचे अंश उरतात. जुनी रंगवलेली दारं-खिडक्या वेलीच्या मांडवाला सुंदर दिसतात, पण घराच्या रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीचे रंग घासताना ओलं करून घासावेत, मुलांना लांब ठेवावं, आणि भुकटी वाफ्यात झाडू नये.

सरकारी पातळीवरही हा विचार आता पोचला आहे. दिल्लीत सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये दीडशे टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. गर्दी होते, तिकीट विकलं जातं, आणि अनेक शहरांना तसंच आपल्याकडे हवं असतं. मला त्यात कौशल्य दिसतं, पण आयफेल टॉवर आणि ताजमहालाच्या नकलेत भंगाराचा स्वतःचा गुण हरवतो. शिवाय ते भंगार मुख्यतः लोखंडाचं, म्हणजे ज्याला बाजार होताच असं. शहराला खरंच अडचण आहे ती राड्यारोड्याची. दर वर्षी हजारो घरांची न्हाणीघरं नवी होतात आणि उखडलेल्या टाइल्स गोण्यांत भरून रात्री नाल्याकाठी, टेकडीच्या पायथ्याशी रित्या होतात. २०१६ च्या नियमांनी हा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या जागी देणं घरमालकाचं काम ठरवलं. एखाद्या प्रभागानं या टाइल्स रंगांप्रमाणे लावून घेतल्या, दोन गवंडी आणि शाळेतली मुलं कामाला लावली, तर उद्यानातल्या साध्या सिमेंटच्या बाकांचं काय होईल याची कल्पना करावी. मोठा खर्च लागणार नाही, आणि बाक पुढची पन्नास वर्षं रंग विटल्याशिवाय राहतील.

घरच्या घरी सुरुवात करायची तर रंगाची एक जुनी बादली स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवावी आणि फुटलेली प्रत्येक कपबशी धुऊन तिच्यात टाकावी. शेजारच्यांनाही सांगून ठेवावं. इमारतीत कुणाचं न्हाणीघराचं काम निघालं की त्या गवंड्याला गाठून निळ्या-हिरव्या टाइल्स वेगळ्या ठेवायला सांगाव्यात, तो आनंदानं देतो, त्याच्या डोक्यावरची एक गोणी कमी होते. बादली भरायला वर्ष-दोन वर्षं लागतात. सिमेंटचं काम दिवाळीनंतर काढावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन सौम्य असतं, मसाला सावकाश घट्ट होतो, तडे जात नाहीत, आणि जूनच्या पहिल्या सरीला तोंड द्यायला ओट्याला पुरते चार महिने मिळतात.